कुरळ्या केसांचा गुन्हा काय?

तुळशीचं लग्न लागलं की पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंडमधल्या ब्युटी पार्लरांत नवऱ्या मुलींची, करवल्यांची गर्दी सुरू होते. खुर्चीत बसलेल्या मुलीची वेणी सुटते, केस पाठीवर मोकळे होतात आणि ते कुरळे निघाले की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "केस फारच खराब झालेत गं तुझे!" खरं तर त्या केसांचं काहीच बिघडलेलं नसतं. ते जन्मापासून तसे असतात. आईचे तसे, आजीचे तसे. पण हे वाक्य एकदा मनात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. केराटीन, स्मूदनिंग, हेअर बोटॉक्स अशी केस सरळ करण्याच्या उपचारांची नावं येतात, हजारांतले आकडे येतात आणि मुलगी मान डोलावते.

प्रश्न त्या मुलीच्या पैशांचा नाही. कमावत्या मुलीनं स्वतःच्या डोक्यावर काय करावं हे तिचं तिनं ठरवावं. आक्षेप आहे तो त्या वाक्याला. केसांच्या एका आकाराला बिघाड म्हणायचं आणि मग तो बिघाड दुरुस्त करण्याचे पैसे घ्यायचे, हा व्यवहार खोट्या पायावर उभा आहे. आणि त्याच्या समर्थनार्थ जे जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं तपासून पाहिलं की टिकत नाही.

केस कुरळा का होतो? केसाचं मूळ त्वचेत ज्या पिशवीत असतं ती सरळ असेल तर केस सरळ उगवतो, ती वाकलेली असेल तर वळत उगवतो. आतल्या पेशी एका बाजूला एका प्रकारच्या आणि दुसऱ्या बाजूला वेगळ्या, त्यामुळे तो वळण धरतो. हे वळण अनुवंशानं येतं. टाळूतून सुटणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरतं, वळणावळणाच्या केसावरून उतरत नाही. म्हणून कुरळे केस टोकांना कोरडे असतात आणि हात लावला तर रखरखीत वाटतात. या कोरडेपणालाच 'खराब' म्हटलं जातं. कोरडेपणावर ओलावा हा इलाज आहे. त्यासाठी केसाची घडणच मोडून टाकायचं कारण नाही.

मराठीला हे केस कधी परके नव्हते. 'कुंतल', 'अलक' हे शब्द कौतुकाचे. लहान बाळाच्या कपाळावर रुळणाऱ्या बटेचं आजही घराघरांत कौतुक होतं. मुलगी दहावी-बारावीला गेली की त्याच बटेच्या झिपऱ्या होतात. अजिंठ्याच्या बुद्धमूर्तींच्या मस्तकावर केसांची लहान लहान वेटोळी कोरलेली आहेत, तिथे त्यांना कुणी बिघाड म्हणत नाही. अलीकडची गोष्ट घ्यायची तर 2016 मध्ये कपांच्या तालावर जुनं मराठी गाणं म्हणून अभिनेत्री मिथिला पालकर घराघरांत पोचली ती आपल्या भरगच्च कुरळ्या केसांसकट.  मग शिरूरच्या मुलीच्याच केसांना खराब का म्हणायचं?

यावर पार्लरवाल्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. तो आहे पाण्याचा. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. घोड आणि भीमा नदीकाठची काही गावं सोडली तर बऱ्याच ठिकाणी वापरायला बोअरचं पाणी. त्या पाण्यानं बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते, गिझरच्या कॉइलवर खडूसारखा थर चढतो, साबणाला फेस येत नाही. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवरही बसतं. साबणाशी त्याचा संयोग होऊन चिकट थर तयार होतो, केस राठ होतात, कुरळ्यांत ते जास्त दिसतं. हे सगळं खरं आहे.

पण म्हणून केस सरळ करून घ्या, हा निष्कर्ष कुठून निघतो? केराटीन करून घरी गेलेली मुलगी चार दिवसांनी त्याच बोअरच्या पाण्यानं न्हाते. क्षार तिच्याही केसांवर बसतात. पाणी खारं असेल तर उपाय पाण्यावर करायला हवा, आणि तो अवघड नाही. सगळं न्हाणं नेहमीच्या पाण्यानं उरकायचं आणि शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घ्यायचे. आता गावोगावी पाण्याची एटीएम आहेत, घराघरांत फिल्टर आहेत, पावसाळ्यात पन्हाळीखाली घागर लावता येते. त्या शेवटच्या तांब्यात चमचाभर व्हिनेगर किंवा गाळलेल्या लिंबाच्या रसाचे मोजके थेंब घातले तर क्षारांचा थर सुटायला मदत होते. थेंब म्हणजे थेंबच. आख्खं लिंबू डोक्यावर चोळून उन्हात बसणं हा उपचार नव्हे. त्यानं त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते.

दुसरा आक्षेप असा की घरगुती वस्तूंनी वळण टिकत नाही, त्या आजीबाईच्या बटव्यातल्या गोष्टी आहेत, त्यांत शास्त्र नाही. इथे जवसाचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. जवस आपल्या रब्बीतलं पीक. चटणीसाठी घरात असतंच. त्याच्या दाण्याच्या सालीत एक बुळबुळीत द्रव्य असतं. ते पाण्यात उतरतं, केसावर लागलं की पातळ पापुद्र्यासारखं वाळतं आणि वाळताना बटा जशा असतील तशा धरून ठेवतं. बाजारातली महागडी जेल वेगळं काय करतात? तेच. केस भिजला की त्याच्या आतले काही कच्चे बंध सुटतात, वाळला की पुन्हा जुळतात. त्या मधल्या वेळात केस ज्या आकारात राहील तो आकार पुढच्या न्हाण्यापर्यंत बऱ्यापैकी टिकतो. जवसाचं जेल नेमकं त्या मधल्या वेळात कामाला येतं.

करायची रीत अशी. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, पातेलं मध्यम आचेवर. सुरुवातीला काहीच घडत नाही, दाणे तळाशी बसतात, म्हणून ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटांनी पाण्यावर पांढुरका फेस येतो आणि पाणी जड व्हायला लागतं. चमचा वर उचलून बघायचा. थेंब टपटप पडत असतील तर अजून वेळ आहे. थेंबामागून अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी लांब तार ओघळली की लगेच गॅस बंद. इथे अर्धा मिनिट जास्त झाला तर सगळा लगदा होतो आणि मग गाळणीतून काही उतरत नाही. गाळायचंही गरम असतानाच, मोठ्या भोकांच्या गाळणीतून किंवा पातळ ओढणीच्या तुकड्यातून, चमच्यानं दाबत. निघालेलं जेल थंड झालं की आणखी दाट होतं. यात टिकवणारं कोणतंही रसायन नाही, म्हणून ते फ्रिजमध्येच ठेवायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. आंबूस वास आला, पाणी सुटलं, की टाकून द्यायचं. खर्च पाच-सहा रुपयांचा.

लावण्यात मात्र बहुतेकींची चूक होते आणि मग दोष जवसाला मिळतो. जेल वाळलेल्या केसांना लावायचं नाही. न्हाऊन आल्यावर केसांतून पाणी निथळत असतानाच, डोकं पुढे झुकवून, तळहातावर पसरून, टोकांकडून वर मुठीत घेत घेत लावायचं. मग खरबरीत टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. घरातला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती बनियन किंवा ओढणी घ्यायची आणि बटा खालून वर दाबायच्या. पाणी कापडात उतरतं, वळण मोडत नाही. वाळेपर्यंत बटांशी खेळायचं नाही. वाळल्यावर केस कडक लागतात, त्या क्षणी पुष्कळजणी घाबरून केस परत धुतात. तिथंच थांबायचं. तो कडकपणा मुठीत हलकेच चुरला की खाली मऊ, मोकळं वळण हाती येतं.

भेंडीचं पाणीही असंच काम करतं. भेंड्या चिरून उकळल्या की जो चिकटपणा ताटात नकोसा होतो तो केसांना हवा असतो. कोरफड चालते, पण पान कापल्यावर ते उभं ठेवून आधी पिवळा चीक गळून जाऊ द्यायचा. त्या चिकानं खाज सुटते. खोबरेल तेलाबद्दल तर चांगला पुरावा आहे. मुंबईत मॅरिको कंपनीत काम करणाऱ्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतल्या प्रथिनांची झीज कमी झाली ती फक्त खोबरेलानं, न्हाण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते हे वाचकानं लक्षात ठेवावं. तरी खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि खनिज तेल वरच राहतं, यामागचं कारण समजण्यासारखं आहे : त्याचे रेणू लहान आणि सरळ असतात.

घरगुती म्हणजे निर्धोक, असा दावा इथे करायचा नाही. तो दावाही तितकाच चुकीचा आहे. खायचा सोडा केसांना लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; तो अल्कधर्मी आहे, त्यानं केसाचे वरचे खवले उघडतात आणि कुरळे केस अधिकच पिंजारतात. अंड्यातलं प्रथिन केसात 'मुरतं' म्हणतात, पण त्याचे रेणू इतके मोठे असतात की ते वरच राहतात. कांद्याच्या रसाचं शिरूरसारख्या कांद्याच्या मुलखात फार कौतुक. त्यावर एक लहान अभ्यास आहे तो चाई पडलेल्या डोक्यांवर केलेला. वळणाशी त्याचा काही संबंध नाही. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर डोळे लालबुंद होतात. मुंबईच्या दमट हवेत उपयोगी पडणारं ग्लिसरीन दौंडच्या एप्रिलात उपयोगी पडत नाही, कारण त्याला ओढून घ्यायला हवेत ओलावाच नसतो. कोणतीही नवी गोष्ट आधी कानामागे लावून एक दिवस थांबावं. स्वयंपाकघरातली वस्तू असली तरी हा नियम चुकवू नये.

पण चुकीच्या घरगुती प्रयोगानं बहुतेकदा एक रविवारच वाया जातो. दुसऱ्या बाजूला काय पणाला लागतं ते पाहायला हवं.

केस सरळ करण्याच्या अनेक द्रवांत फॉर्माल्डिहाइड असतं किंवा इस्त्रीच्या उष्णतेनं ते त्यातून सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातलं. बाटलीवर 'फॉर्माल्डिहाइड-फ्री' लिहिलेलं असलं म्हणून निश्चिंत होता येत नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात 2010 मध्ये असं लिहिलेल्या एका द्रवाची तपासणी झाली तेव्हा त्यात ते भरपूर सापडलं. पाण्यात विरघळलं की त्याचं नाव मेथिलिन ग्लायकोल होतं आणि लेबलवर तेच नाव छापता येतं. पुढच्याच वर्षी तिथल्या केंद्रीय कामगार-सुरक्षा यंत्रणेनं सलूनमधल्या कामगारांसाठी धोक्याचा इशारा काढला.

मग ग्लायऑक्सिलिक ॲसिडवाली उत्पादनं 'सुरक्षित' म्हणून आली. मार्च 2024 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 26 वर्षांच्या एका तरुणीची हकीकत छापली. तिनं 2020, 2021 आणि 2022 मध्ये केस सरळ करून घेतले. तिन्ही वेळा डोक्याची आग झाली, उलट्या, ताप, पाठदुखी, आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिलं. त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक सापडले. तरुणी बरी झाली. पण नुसतं डोक्याला लावलेलं द्रव्य मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतं हे त्यातून दिसलं. अमेरिकेत 33,497 स्त्रियांवर सुमारे 11 वर्षं चाललेल्या पाहणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. सरळ करण्याची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 1.64 टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत 4.05 टक्के असा तिथल्या संशोधकांचा अंदाज. यानं कारण सिद्ध होत नाही, आणि तिथली उत्पादनं इथल्यासारखीच असतील असंही नाही. पण लग्नाच्या फोटोसाठी हा हिशेब कुणी मुलीसमोर मांडतं का?

आणि मुलीपेक्षाही मोठा धोका तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलीला आहे. गाळा दहा बाय बाराचा, काचेचं दार बंद, एसी चालू, एक्झॉस्ट पंखा नाही. दोनशे अंशांच्या पुढे तापलेली इस्त्री ओल्या बटेवरून फिरते, चर्र आवाज होतो, धूर डोळ्यांत जातो, आणि पार्लरमध्ये काम शिकायला आलेली वीस वर्षांची पोर दोन-तीन तास तो धूर छातीत घेते. ग्राहक वर्षातून एकदा येते. ही लग्नसराईत रोज असते. पार्लर चालवणाऱ्या बायकांना शत्रू मानून हा वाद घालायचा नाही. त्यांतल्या कितीतरी जणींनी कर्ज काढून, घरच्यांचा विरोध पत्करून ते दुकान उभं केलं आहे. त्यांनी एक्झॉस्ट लावावा, लेबल वाचावं, आणि कुरळे केस कापण्याचं, धुण्याचं, बसवण्याचं कसब शिकून त्याचे पैसे घ्यावेत. ते कसब तालुक्याच्या गावात दुर्मीळ आहे. जी शिकेल तिला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

स्थळं बघताना सरळ केस बरे दिसतात, असं मुलीची मावशीच सांगते तेव्हा उत्तर देणं आणखी कठीण होतं, कारण ती प्रेमानंच सांगत असते. पण बाईचे केस कसे असावेत हे इतरांनी ठरवण्याचा इतिहास याच भागात फार जवळ आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी 1887 मध्ये आपल्या इंग्रजी पुस्तकात विधवांच्या केशवपनाचं वर्णन जगासमोर ठेवलं, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे केडगावच्या माळावर निराधार स्त्रियांसाठी वसाहत उभी केली. तिथंच 1922 मध्ये त्यांचं निधन झालं. मुंबईत 1890 च्या सुमारास सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला. केशवपन आणि केराटीन एकाच मापानं मोजणं त्या विधवांवर अन्याय करणारं ठरेल. ती सक्ती होती, क्रौर्य होतं. पण केस बाईचे आणि निकाल दुसऱ्याचा, ही सवय तेव्हाची आहे आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. ज्या कारागिरांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तेव्हा नाही म्हटलं, ही गोष्ट आजच्या पार्लरवाल्यांना सांगण्यासारखी आहे.

घरातल्या म्हाताऱ्यांची भीती वेगळीच असते. कुरळे केस मोकळे सोडले तर जट होईल. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. केस विंचरले नाहीत, धुतले नाहीत, तेल, घाम आणि धूळ साचत गेली की ते गुंततात, घट्ट होतात, आणि मग देवीचं म्हणून त्याला हात लावायला कुणी धजत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो स्त्रियांना समजावून त्यांची जट कापली आहे. मानेवर वर्षानुवर्षं वागवलेलं ओझं त्यामुळे उतरलं. जट होते ती निगा न राखल्यानं, वळणामुळे नव्हे. कुरळे केस कोरडे असताना विंचरले की तुटतात आणि फुगतात. ओले असताना, हाताला बुळबुळीत जेल किंवा कंडिशनर लावून, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या फणीनं, टोकाकडून मुळाकडे सोडवले की गुंता राहत नाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा. हे सगळं करायला सवड कुणाला आहे? दौंडहून सकाळची पुण्याची गाडी धरणाऱ्या, शिरूरहून रांजणगावच्या कंपनीची पहिली पाळी गाठणाऱ्या मुलींनी पातेल्यात जवस कधी ढवळायचं? प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब मांडून पाहावा. जेल आठवड्यातून एकदा, दहा-बारा मिनिटांत होतं आणि तेवढ्यात शेजारच्या गॅसवर भाकरी भाजून होतात. न्हाणं आठवड्याला दोनदा, तेही रात्री. ओल्या केसांना जेल लावायचं, ते अर्धवट वाळू द्यायचे, मग डोक्याच्या माथ्यावर गोळा करून सुती ओढणी सैल बांधायची आणि झोपायचं. रोज सकाळी केसांवर इस्त्री फिरवणाऱ्या मुलीला वीस मिनिटं लागतात, आणि भारनियमन असलं की तेही नाही. हिला पहाटे ओढणी सोडायची असते, मान खाली घालून मुळांशी बोटं फिरवायची असतात, कडक झालेल्या बटा दोन-चार वेळा मुठीत चुरायच्या असतात. तोवर चहाला उकळीही आलेली नसते.